औद्योगिक शिलाई ऑपरेटरचा तीन महिन्यांचा वर्ग: लाइनवर बसल्यानंतरचा अभिप्राय

रत्नागिरी तालुक्यातल्या एका खाजगी प्रशिक्षण केंद्रात औद्योगिक शिलाई मशीन ऑपरेटरचा तीन महिन्यांचा वर्ग चालतो. तो पूर्ण करून मी जवळच्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका गारमेंट युनिटमध्ये नवशिकी ऑपरेटर म्हणून कामाला लागले आणि आता तिथे बऱ्यापैकी स्थिरावले आहे. वर्ग संपल्यावर लगेच अभिप्राय लिहिण्याचे मी मुद्दाम टाळले, कारण अशा वर्गाची खरी परीक्षा लाइनवर, म्हणजे कारखान्यात ओळीने मांडलेल्या यंत्रांवर, शिवायच्या तुकड्यांचा पहिला बंडल समोर येतो तेव्हा सुरू होते. आता माझे मत पक्के झाले आहे. या वर्गाचा पहिला महिना भरलेले सगळे शुल्क वसूल करून देणारा आहे, दुसरा चांगला आहे आणि तिसरा महिना जवळजवळ वाया जातो. तो का वाया जातो आणि प्रवेश घेणाऱ्या मुलींनी तो वाया जाऊ नये म्हणून काय मागून घ्यावे, हे सविस्तर लिहिणे मला गरजेचे वाटते.

आधी हा वर्ग कोणासाठी आहे ते स्पष्ट करते, कारण पहिल्या दिवशी आलेल्या निम्म्या मुलींचा याबाबत गैरसमज होता. गावोगावच्या शिवणक्लासात माप घेण्यापासून हुक लावण्यापर्यंत एक अख्खा ब्लाउज शिवायला शिकवतात. ऑपरेटरला अख्खा कपडा कधीच शिवायचा नसतो. तिच्याकडे एकच काम येते, उदाहरणार्थ खिशाला पट्टी लावणे किंवा कॉलरला टॉप स्टिच मारणे, आणि तेच काम दिवसभर एकाच दर्जाने, ठरलेल्या वेळात करायचे असते. तयार कपड्यांच्या क्षेत्रासाठी असलेल्या कौशल्य परिषदेनेही ‘सुइंग मशीन ऑपरेटर’ आणि ‘सेल्फ एम्प्लॉइड टेलर’ असे दोन वेगळे अभ्यासक्रम ठेवले आहेत, ते याच कारणासाठी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे, त्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आणि ५ टक्के व्याजाने कर्ज मिळते. परंतु ती योजना स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना घरी बसून ब्लाउज, पिको-फॉल करायचे आहे त्यांनी त्या वाटेने जावे. ज्यांना महिन्याच्या महिन्याला पगार हवा आहे आणि युनिटमध्ये जाऊन काम करायची तयारी आहे, त्यांच्यासाठी हा वर्ग आहे. केंद्राने हा फरक प्रवेश देतानाच सांगायला हवा. तो आम्हाला पहिल्या आठवड्याच्या शेवटी कळला आणि तोवर दोघी-तिघींनी पैसे भरून टाकले होते.

शिकण्यासाठी मुख्य यंत्र सिंगल नीडल लॉकस्टिच. घरच्या पायमशीनशी त्याचे नाते एवढेच, की दोन्हींत वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा कापडाच्या मध्यावर एकमेकांत अडकून टाका पडतो. बाकी सगळा फरक वेगाचा आहे. गारमेंट युनिटमध्ये सर्रास दिसणाऱ्या जुकीच्या डीडीएल-८७०० या मॉडेलचा कमाल वेग मिनिटाला ५,५०० टाके इतका आहे. इतक्या वेगाने सहसा कोणी चालवत नाही, म्हणून ४,००० चा हिशेब धरू. इंचाला १० टाके असतील तर मिनिटाला ४०० इंच, म्हणजे १० मीटरहून थोडे अधिक कापड सुईखालून जाते. सेकंदाला सुमारे १७ सेंटिमीटर. डोळ्याने चूक दिसून हात थांबेपर्यंत जवळजवळ वीतभर टीप पुढे गेलेली असते. म्हणूनच या यंत्रावर डोळ्याच्या आधी पाय तयार व्हावा लागतो, आणि या केंद्राची शिकवण्याची पद्धत नेमकी याच समजुतीवर उभी आहे.

केंद्रात क्लच मोटरची आणि सर्वो मोटरची अशी दोन्ही प्रकारची यंत्रे आहेत, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. क्लच मोटर बटण चालू केल्यापासून सतत फिरत राहते, आवाज करते, तापते आणि पायडल दाबताच ती ताकद एकदम यंत्राला जोडली जाते. त्यामुळे तिच्यावर हळू शिवणे हेच कौशल्य आहे. सर्वो मोटर पायडल दाबल्यावरच फिरते, वीज कमी खाते आणि तिचा कमाल वेग आधीच मर्यादित करून ठेवता येतो. आमच्या बाई नव्या मुलीला प्रथम वेग अगदी कमी ठेवलेल्या सर्वोवर बसवतात, पाय स्थिर झाला की मर्यादा थोडी थोडी वाढवतात आणि शेवटी क्लचवर नेतात. हा क्रम मला फार योग्य वाटला. नुसत्या सर्वोवर शिकलेल्या मुली लहान युनिटमध्ये जुन्या क्लच मोटरसमोर बसल्या की घाबरून पायडलवरून पाय उचलतात, हे मी नंतर पाहिले आहे.

आता त्या पहिल्या महिन्याविषयी. सुरुवातीचे कित्येक दिवस आमच्या सुईत दोरा नव्हता आणि समोर कापडही नव्हते. जाड कागदावर आखलेल्या रेघा होत्या. सरळ रेघेवर सुईची भोके पाडत जायचे, रेघ संपते तिथेच थांबायचे, पुढे एक भोकही पडू द्यायचे नाही. सरळ रेघा जमल्या की चौकोनात चौकोन काढलेला कागद मिळतो. त्यात कोपऱ्यावर सुई खाली ठेवूनच थांबायचे, गुडघ्याच्या लिव्हरने फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा भाग, उचलायचा, कागद वळवायचा आणि पुढे जायचे. त्यानंतर नागमोडी रेघा आणि शेवटी आत आत जाणारे वेटोळे. वेटोळ्यावर वेग कमी-जास्त करत राहावे लागते आणि पाय पूर्ण उचलून चालत नाही. कागदाचा फायदा असा, की त्यावरची भोके लपवता येत नाहीत. कापडावर टीप थोडी हलली तर हाताने ताणून दाबून वेळ मारून नेता येते. कागद उजेडासमोर धरला की रेघेबाहेरचे प्रत्येक भोक दिसते. बाई प्रत्येकीचा कागद खिडकीसमोर धरून बघत आणि परत बसवत.

बाईंनी मुंबईत निर्यातीच्या कारखान्यात बरीच वर्षे लाइन सांभाळलेली आहे. “पाय आवर गो, मशीन तुझ्या पायात आहे, हातात नाय,” हे त्यांचे वाक्य आमच्यापैकी प्रत्येकीने ऐकले आहे. कंटाळून वर्ग सोडायला निघालेल्या मुलीला त्या शेजारी बसवत, आपण स्वतः डोळे मिटून सरळ टीप मारून दाखवत आणि मग तिचा पाय आपल्या पायावर ठेवायला लावून पायडल किती मिलिमीटर खाली जाते ते तिला जाणवू देत. अशी शिकवणूक छापील पुस्तिकेतून मिळणे शक्य नाही, आणि या केंद्राला मी जे गुण देते त्यांतले निम्म्याहून अधिक या एका व्यक्तीचे आहेत. त्या रजेवर असतात तेव्हा जी सहायक मुलगी वर्ग घेते तिला काम येते, पण शिकवता येत नाही. प्रवेश घेताना बाई त्या तुकडीला पूर्णवेळ आहेत का, हे विचारून घ्यावे.

सुई आणि दोऱ्याचा भागही इथे नीट शिकवतात. औद्योगिक लॉकस्टिच यंत्राची डीबी×१ सुई वरच्या टोकाला गोल असते, घरच्या यंत्राच्या सुईसारखी एका बाजूने चपटी नसते. त्यामुळे ती कशीही बसते आणि चुकीची बसली की टाके सुटतात. लांब खाच डावीकडे, हे आम्हाला इतक्या वेळा विचारले गेले, की आता झोपेतही सांगता येईल. पातळ पॉपलिनला ९ किंवा ११, मध्यम कापडाला १४, जीन्ससारख्या जाड कापडाला १६ किंवा १८ नंबर, आणि होजिअरीला गोल टोकाची सुई, म्हणजे विणीचा धागा तुटत नाही. जास्त वेगात घर्षणाने सुई तापते आणि पॉलिस्टरचा दोरा वितळून तुटतो, तेव्हा दोरा वाईट आहे असे म्हणण्याआधी वेग आणि सुई तपासायची. बॉबिन केसचा ताण बघण्यासाठी ती दोऱ्याला लटकवायची. स्थिर धरली तर जागेवर राहिली पाहिजे, हलका झटका दिला की थोडीशी खाली सरकली पाहिजे. घरी शिवणाऱ्या बायकांना कापड मागून ओढण्याची सवय असते. औद्योगिक यंत्रावर ते केले की सुई वाकते, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांवर आपटते आणि तुटते. ही सवय मोडण्यासाठी बाई काही दिवस उजवा हात फुटाच्या पुढेच ठेवायला लावत.

सुई तुटली की पुढे काय करायचे, हे या वर्गात जितक्या काटेकोरपणे शिकवले तितके मला नंतर युनिटमध्येही कोणी समजावून सांगितले नाही. तुटलेल्या सुईचा प्रत्येक तुकडा शोधायचा, ते जोडून सुई पूर्ण होते का बघायचे, नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवायचे आणि मगच जुन्या सुईच्या बदल्यात नवी घ्यायची. एक तुकडा जरी सापडला नाही तरी तो नग बाजूला काढायचा. लहान मुलांच्या कपड्यात सुईचे टोक राहिले तर काय होईल, हे बाईंनी एकदाच सांगितले आणि पुन्हा कोणाला समजावण्याची वेळ आली नाही. सुई बदलताना किंवा दोरा ओवताना मोटर बंद करायची, क्लच मोटर बंद केल्यावरही काही क्षण फिरत राहते म्हणून ती थांबेपर्यंत पाय पायडलवर ठेवायचा नाही, ओढणी बांधून घ्यायची, केस वर, कापडाची कड गुंफून शिवणाऱ्या ओव्हरलॉक यंत्राचे डोळ्यांसमोरचे झाकण काढून शिवायचे नाही, हे सगळे नियम इथे खरोखर पाळले जातात.

दमट हवेचा विचार या केंद्राने केला आहे, आणि ही गोष्ट किनाऱ्यावर राहणाऱ्यांनाच कळेल. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याने आणि पावसाळ्यातल्या ओलीने लोखंडाला गंज चढायला वेळ लागत नाही. बॉबिन केसच्या आत बोटालाही न जाणवणारा गंज धरला तरी दोरा अडखळतो आणि टीप कधी सैल, कधी घट्ट पडते. केंद्रात जूनपासून रोज काम संपल्यावर बॉबिनभोवती फिरणाऱ्या हुकाजवळचा धागा-भुसा ब्रशने काढून, बॉबिन केस पुसून तेलाचा हात फिरवून डबीत ठेवतात, सुया तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळतात आणि सकाळी पहिली टीप चिंधीवर मारतात, म्हणजे तेलाचा डाग चांगल्या कापडावर येत नाही. दर सकाळी तेलाची पातळी बघणे हे प्रत्येक मुलीचे स्वतःचे काम असते. युनिटमध्ये मेकॅनिक असतो खरा, पण त्याच्यामागे आणखी वीस यंत्रे असतात. त्यामुळे साध्या कारणासाठी यंत्र बंद ठेवून वाट बघणाऱ्या ऑपरेटरपेक्षा ते साधे कारण ओळखणारी ऑपरेटर दिवसाच्या शेवटी पुढे असते.

परंतु पावसाळ्याचीच दुसरी बाजू केंद्राने सांभाळलेली नाही. वीज गेली की वर्ग थांबतो. जनरेटर नाही, यंत्रांना पुरेल असा इन्व्हर्टर नाही, आणि जोराच्या पावसात झाडे तारांवर पडून दुपार दुपार वीज नसते तेव्हा आम्ही नुसत्या बसून राहिलो. ते तास पुढे भरून दिले गेले नाहीत. त्या वेळात निदान बंडल मोजणे, नग लावणे, शिवलेल्या नगांतले दोष ओळखणे एवढे तरी सहज शिकवता आले असते. उजेडाचीही तीच कथा आहे. खिडकीजवळच्या रांगेला उजेड मुबलक, मागच्या रांगेला वरची एक ट्यूबलाइट. काळ्या कापडावर काळा दोरा मागच्या रांगेत शिवायला दिला की डोळे भरून येतात. बसायला पाठ नसलेली स्टुले आहेत. तीन महिने ती चालवून घेता येतात, पण पाठ टेकून, कोपर टेबलाच्या उंचीला ठेवून बसण्याची योग्य सवय त्यामुळे लागत नाही आणि खांदे दुखणे सोबत घेऊनच मुली नोकरीवर जातात.

दुसऱ्या महिन्यात कपड्याचे भाग शिकवतात: खिसा, कॉलर, कफ, पट्टी, चेन. हा भाग मला चांगला वाटला, कारण प्रत्येक भागासाठी शिवणीपासूनचे अंतर, इंचातले टाके आणि सुरुवात-शेवटाची उलटी टीप किती, हे फळ्यावर लिहून ठेवलेले असते आणि शिवलेला नमुना पट्टीने मोजूनच स्वीकारला जातो. कॉलरच्या दोन टोकांत दोन मिलिमीटरचा फरक आला तर उसवावेच लागते. उसवण्यात गेलेला वेळ शिवण्याच्या वेळेपेक्षा जास्त असतो, हे एकदा अंगवळणी पडले की मुलगी आपोआप सावकाश आणि नेमके शिवू लागते. ओव्हरलॉकला मात्र इथे सावत्र वागणूक आहे. तीन दोऱ्यांचे एकच यंत्र, आणि त्यावर दोरा ओवायला शिकवले की झाले. टी-शर्ट, नाइट ड्रेस, मुलांचे कपडे यांचे बहुतेक काम ओव्हरलॉकवर होते. शर्ट-पँटच्या युनिटमध्येही साखळी टीप आणि ओव्हरलॉक एकदम मारणारे पाच दोऱ्यांचे यंत्र असते. दोन यंत्रे येणाऱ्या ऑपरेटरला कुठेही लवकर घेतात आणि कोणी गैरहजर राहिले की तिला हलवताही येते. इतकी मोठी गोष्ट एका दुपारीत उरकणे मला पटले नाही.

तिसऱ्या महिन्यात प्रत्येकीने एक पूर्ण शर्ट शिवायचा असतो. शर्ट देखणा होतो, घरी नेऊन दाखवता येतो, घरच्यांना समाधान वाटते. नोकरीच्या दृष्टीने तो महिना हातचा जातो, कारण लाइनवर कोणी पूर्ण शर्ट शिवत नाही. तिथे एकच काम शेकडो वेळा करायचे असते आणि प्रत्येक कामाला ठरलेली मिनिटे असतात, त्याला सगळे जण सॅम म्हणतात. समजा एका कामाचा सॅम अर्धा मिनिट आहे, तर पूर्ण कार्यक्षमतेने तासाला १२० नग व्हायला हवेत. ६० झाले तर कार्यक्षमता ५० टक्के. हा साधा भागाकार वर्गात एकदाही केला गेला नाही. मी युनिटमध्ये बसले तेव्हा सुपरवायझर दर तासाला येऊन फळ्यावर आकडा लिहीत आणि पुढच्या मशीनवर निघून जात. तो आकडा कशातून येतो आणि कसा वाढवायचा, हे मला शेजारच्या ताईंनी जेवणाच्या सुट्टीत समजावले.

त्या ताईंनी जे दाखवले ते मी इथे मुद्दाम लिहिते, कारण वर्गात शिकवण्याजोगा मजकूर हाच आहे. सुई प्रत्यक्ष चालते तो वेळ एका नगाच्या एकूण वेळेच्या निम्म्याहून बराच कमी असतो. बाकीचा वेळ उचलणे, जुळवणे, फुटाखाली सरकवणे, दोरा कापणे आणि बाजूला ठेवणे यात जातो. त्यामुळे यंत्र आणखी जोरात पळवून नग फारसे वाढत नाहीत. बंडल कोणत्या बाजूला ठेवला, दोन्ही भाग दोन हातांनी एकाच वेळी उचलले का, खाचा जुळवताना कापड कितीदा हातात फिरवले, यांवर नग वाढतात. जिथे उलटी टीप लागत नाही तिथे एक नग संपताच दोरा न कापता दुसरा सरकवायचा आणि माळ तयार झाली की शेवटी एकदम कापायची. नगांवरचे नंबरचे स्टिकर बघून त्याच क्रमाने शिवायचे, नाही तर एका थानाचा पुढा आणि दुसऱ्या थानाची बाही जोडली जाऊन रंगाच्या छटेत फरक दिसतो आणि चेकर सगळा बंडल परत पाठवते. हे सगळे केंद्रातल्या त्याच यंत्रांवर, चिंध्यांचे बंडल करून आणि भिंतीवर घड्याळ लावून शिकवता येते. त्याला नवा खर्च नाही. बाईंना हे येते, त्यांनी स्वतः लाइन चालवलेली आहे. म्हणजे उणीव माणसाची नसून अभ्यासक्रम आखणाऱ्यांची आहे.

आमच्या भागातल्या कितीतरी घरांतले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत होते आणि बायका गावी मनिऑर्डरची वाट बघत असत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर ते पर्व हळूहळू मिटले. आज त्याच घरांतल्या मुली कापडाच्या धंद्यात शिरत आहेत आणि तेही गाव न सोडता. काजूच्या किंवा मासळीच्या कारखान्यापलीकडे बाईमाणसाला आणखी एक काम जवळपास मिळते आहे, म्हणूनच हे प्रशिक्षण अर्धवट राहू नये असे मला तीव्रतेने वाटते.

नोकरी मिळवून देण्याच्या आश्वासनाबद्दल सरळ लिहिते. फलकावर ‘हमखास नोकरी’ असे छापले आहे. प्रत्यक्षात केंद्र दोन-तीन युनिटची नावे देते आणि चाचणीला पाठवते. चाचणीत जमले तर नोकरी. त्याला हमखास म्हणता येत नाही, मात्र ओळख उपयोगी पडते हे खरे आहे, आणि चाचणीत जे करायला सांगतात ते, म्हणजे सरळ टीप, वळण, खिसा, या वर्गातल्या मुलीला अवघड जात नाही. प्रमाणपत्र मिळायला वर्ग संपल्यावर बराच वेळ गेला. माझ्या युनिटने ते मागितलेही नाही, हात बघितला. पगारपत्रक वाचायला मात्र कोणीच शिकवले नाही. पहिल्या पगारात कापलेली रक्कम बघून आमच्यातली एक जण रडकुंडीला आली होती. कामगाराच्या पगारातून ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, ०.७५ टक्के जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो, २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला ती सोय लागू होते आणि आजारपणात त्यावर उपचार मिळतात. भविष्यनिर्वाह निधीचे १२ टक्के कापले तरी तेवढाच वाटा मालकाकडून येतो. आठवड्याचे ४८ तास आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दर. अर्ध्या तासात सांगून होईल एवढी ही माहिती आहे आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला नोकरीच्या पहिल्या महिन्यात दुसऱ्या कशापेक्षाही तिची जास्त गरज असते.

वर्गाची वेळ सकाळी दहा ते दुपारी चार आहे आणि ती एसटीच्या वेळांना धरून आहे, त्यामुळे पावस, जाकादेवी, पाली या बाजूंनी येणाऱ्या मुलींची सोय होते. तुकडी निवडताना दिवस मोजून घ्यावेत. शिमग्याच्या किंवा गणपतीच्या तोंडावर सुरू होणाऱ्या तुकडीत सलग सराव तुटतो, आणि पहिल्या महिन्यातला सराव तुटला तर पाय पुन्हा पहिल्यासारखा होतो. पावसाळ्यात विजेचा प्रश्न आहे, एप्रिल-मे महिन्यांत ज्यांच्या घरी आंब्याचे काम असते त्यांची गैरहजेरी होते. माझ्या मते दिवाळीनंतरची तुकडी सर्वांत चांगली.

शुल्क दोन हप्त्यांत घेतात. पहिला हप्ता भरण्याआधी यंत्रांच्या खोलीत जाऊन यंत्रे मोजावीत आणि तुकडीत किती मुली आहेत ते विचारावे, कारण एका यंत्रावर दोघी असल्या की तीन महिन्यांचे दीड महिने होतात. दुसरा हप्ता भरताना तिसऱ्या महिन्यात शर्टाऐवजी बंडलवर आणि घड्याळावर काम द्या आणि ओव्हरलॉकवर रोज पाळी लावा, अशी मागणी सगळ्यांनी मिळून करावी. आमच्या नंतरच्या तुकडीतल्या मुलींनी ती केली, तेव्हा बाईंनी दुसऱ्याच दिवशी चिंध्यांचे बंडल बांधायला घेतले.